तुरुंग नको, दुकानही नको, दवाखाना हवा

ड्रग्ज कायदेशीर केले तर समाज अधिक सुरक्षित होईल का? हा प्रश्न पूर्वी टीव्हीवरच्या चर्चेत असायचा, आता तो आमच्या वस्तीतल्या महिला बैठकांतही येऊ लागला आहे. कॉलेजात जाणारी मुलं मोबाइलवर ऐकून घरी सांगतात की परदेशात गांजाची दुकानं आहेत आणि तिथं काही बिघडत नाही. मग एखादी आई विचारते, "ताई, तसं केलं तर पोलिसांचा ससेमिरा तरी थांबेल ना?" तिच्या शेजारी बसलेली लगेच म्हणते, "नाक्यावर दारूचं दुकान आहे ते काय कमी आहे? आता पुडीचं पण उघडायचं?"

दोघींचंही म्हणणं खरं आहे. पहिलीच्या पोराला पोलिसांनी दोनदा उचललं आहे, दुसरीचा नवरा दारूत गेला आहे. आम्ही काही वर्षं वॉर्डात काम केलं आणि आता वस्त्यांमध्ये काम करतो, त्यामुळे या दोन्ही बाया आम्हाला रोज भेटतात. म्हणून "कायदेशीर करा" किंवा "आणखी कडक कायदा करा" असं एका वाक्यात उत्तर देणं आम्हाला जमत नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो. नशा करणाऱ्याला तुरुंगात टाकू नये. नशेचं दुकानही उघडू नये. शासनाने उपचार वस्तीपर्यंत आणावेत. हे तिन्ही एकत्र झालं तरच आपली घरं सुरक्षित होतील. असं का म्हणतो, ते पुढे मांडतो.

एका शब्दात दोन गोष्टी

"कायदेशीर करणे" या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या जातात. पहिली गोष्ट म्हणजे सेवन करणाऱ्याला, किंवा स्वतःपुरता थोडा माल जवळ असलेल्याला गुन्हेगार न मानणं. विकणारा मात्र गुन्हेगारच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे विक्रीलाच परवानगी देणं. म्हणजे परवाना, दुकान, कर, जाहिरात, कंपनी, सगळं आलं. पहिल्या गोष्टीत माणूस सुटतो, दुसऱ्या गोष्टीत धंदा सुटतो. चर्चेत कुणी पहिलीच्या बाजूने बोलतो आणि ऐकणाऱ्याला दुसरी ऐकू येते, म्हणून भांडण मिटत नाही. आपण या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासू.

आजचा कायदा कुणाला पकडतो?

आपल्या देशात १९८५ पासून एनडीपीएस कायदा आहे. त्याआधी अनेक ठिकाणी गांजा आणि अफूची सरकारी परवान्याची दुकानं होती. १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ती बंद करायची होती आणि गांजासाठी पंचवीस वर्षांची मुदत होती. ती मुदत संपत आली तेव्हा हा कायदा आला. या कायद्याच्या कलम २७ नुसार नुसतं सेवन करणं हाही गुन्हा आहे. गर्द, म्हणजे हेरॉइन, किंवा कोकेन घेतलं तर एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

कागदावर कायदा सगळ्यांना सारखाच आहे. पण फ्लॅटच्या बंद दाराआड, फार्महाऊसवर, हॉटेलच्या खोलीत ओढणारा सहसा सापडत नाही. रुळाच्या कडेला, पुलाखाली, सार्वजनिक संडासामागे ओढणारा सापडतो, कारण त्याला बसायला दुसरी जागाच नाही. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांतले २०१७ आणि २०१८ मधले या कायद्याखालचे दहा हजारांहून अधिक खटले तपासले. ते जवळजवळ सगळे सेवनाचे होते आणि त्यातले सुमारे ८७ टक्के गांजाचे होते. म्हणजे ज्या यंत्रणेने माल आणणाऱ्याला शोधायचं, तिचा वेळ आणि मनुष्यबळ चिलीम ओढणाऱ्यावर खर्च झालं.

पुढे काय होतं ते आपण वस्तीत बघतो. पोराला सांगतात, "गुन्हा कबूल कर, दंड भर आणि मोकळा हो." घरचे उसने पैसे काढतात, बचत गटातून कर्ज घेतात, दंड भरतात. पोरगा संध्याकाळी घरी येतो आणि सगळ्यांना वाटतं, सुटलो. पण त्याच्या नावावर शिक्षा लागलेली असते. दोन वर्षांनी तो सिक्युरिटीच्या नोकरीला, विमानतळावरच्या लोडरच्या कामाला किंवा पोलीस भरतीला जातो, तेव्हा पोलीस पडताळणीत ती शिक्षा वर येते. नशा कदाचित सुटलेली असते, नोकरी मात्र गेलेली असते. बेकार पोराला पुन्हा पुडीकडे नेण्याचा याहून सरळ रस्ता आम्हाला माहीत नाही.

आणि आत गेला तर? एनसीआरबीच्या २०२२च्या आकडेवारीनुसार भारतातल्या तुरुंगांतले सुमारे तीन चतुर्थांश कैदी कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा खटला अजून संपलेला नाही. अनुसूचित जातींचं लोकसंख्येतलं प्रमाण २०११च्या जनगणनेत १६.६ टक्के होतं, तुरुंगात ते एक पंचमांशाहून जास्त आहे. कडक कायदा ज्यांच्यावर आधी पडतो ते कोण, हे वेगळं सांगायला नको.

नर्स म्हणून आम्ही यात आणखी एक भर घालतो. अटकेची भीती रोग लपवते. इंजेक्शन घेणारा पोरगा दंडावर गळू झालं तरी दवाखान्यात येत नाही, कारण "डॉक्टर पोलिसांना सांगेल." सुई दोघा-तिघांत फिरते. त्यातून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी पसरतात आणि पुढे त्याच्या बायकोपर्यंत पोहोचतात. मित्र बेशुद्ध पडला तर बाकीचे त्याला तिथेच टाकून पळतात. त्याने काय घेतलं ते सांगणारा कुणी उरत नाही. ही भीती सेवन थांबवत नाही, फक्त मदत थांबवते.

पोर्तुगालने काय केलं, ओरेगॉनचं काय झालं

यावर दाखला दिला जातो तो पोर्तुगालचा. त्या देशात १९९० च्या दशकात हेरॉइनने घरंच्या घरं पोखरली होती. १ जुलै २००१ पासून त्यांनी नियम बदलला. दहा दिवस पुरेल इतका माल स्वतःसाठी जवळ असेल तर तो फौजदारी गुन्हा नाही. पण माल जप्त होतो आणि त्या माणसाला कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्यांच्या समितीपुढे जावं लागतं. समिती त्याच्याशी बोलते, त्याला उपचाराकडे वळवते, गरज पडली तर दंड किंवा बंधनं घालते. विकणाऱ्याला तुरुंग आहेच. तिथे ड्रग्जचं एकही दुकान उघडलं नाही. त्याच काळात सरकारने उपचार केंद्रं वाढवली, मेथाडोन हे औषध गाडीतून रस्त्यावर नेलं, स्वच्छ सुया दिल्या. सुईतून होणाऱ्या एचआयव्हीचे नवे रुग्ण २००१ मध्ये हजारावर होते, पुढच्या काळात ते वर्षाला शंभराच्या आत आले. नंतर तिथेही उपचारांचा निधी आटला, तेव्हा लिस्बन आणि पोर्तो शहरांत रस्त्यावरची नशा पुन्हा दिसू लागली. आकडा खाली आणला तो उपचारांनी. कायद्याने फक्त त्या उपचारांकडे जाणारा रस्ता मोकळा केला.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने हाच रस्ता अर्धा चालून बघितला. नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मतदान करून थोडा माल बाळगणं गुन्ह्यातून काढलं आणि फेब्रुवारी २०२१ पासून ते लागू झालं. शंभर डॉलरचं चलन द्यायचं आणि मदतीच्या नंबरवर फोन केला तर ते माफ, अशी व्यवस्था होती. पण फोन करणारे फारच थोडे निघाले. उपचारांचा पैसा संस्थांपर्यंत पोहोचायला उशीर झाला. त्याच वेळी फेंटानिल नावाचं अतिशय घातक ड्रग तिथे पसरलं आणि मृत्यू वाढले. मृत्यू कायद्यामुळे वाढले की फेंटानिलमुळे, यावर अभ्यासकांत वाद आहे. लोकांचा धीर मात्र सुटला आणि १ सप्टेंबर २०२४ पासून तो गुन्हा पुन्हा लागू झाला.

थायलंडने तर थेट दुकानापर्यंत उडी घेतली. जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, पण विक्रीवर नियंत्रण ठेवणारा पक्का कायदा केलाच नाही. हजारो दुकानं उघडली. शेवटी जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही, असा नियम आणावा लागला. आधी दुकान आणि मग नियम असं केलं की काय होतं, ते यात दिसतं.

कायदेशीर नशेचा आपला अनुभव

खरं तर दुकानाचं काय होतं हे पाहायला आपल्याला बँकॉकला जायची गरज नाही. आपल्या राज्यात एक नशा पूर्ण कायदेशीर आहे. सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, गांजा-भांग घेणारे सुमारे ३.१ कोटी आहेत, असं त्यात आढळलं. दुकान, परवाना, बिल असलेली वस्तू पाचपट पसरली आहे. गांजाही उद्या दुकानात आला तर किती घरांत पोहोचेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

कायदेशीर दुकानवाले म्हणतात, "परवाना असला की माल शुद्ध मिळतो, लोक विषारी पिऊन मरत नाहीत." हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दारूबंदी असलेल्या गुजरातमध्ये बोटाद परिसरात जुलै २०२२ मध्ये विषारी दारूने चाळीसहून अधिक माणसं गेली. बिहारात २०१६ पासून दारूबंदी आहे. तिथे लाखो लोकांना अटक झाली, त्यात गरिबांचाच भरणा, आणि तरीही डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने अनेक घरं उजाड झाली. नुसत्या बंदीने विष थांबत नाही, हे कबूल.

पण मग मालवणीचं काय? मुंबईतल्या मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसं विषारी दारूने मेली. तेव्हा मुंबईत दारूबंदी नव्हती. परवान्याची दुकानं उघडी होती, शुद्ध दारू काचेच्या कपाटात मांडलेली होती. ती घ्यायला मरणाऱ्यांकडे पैसे नव्हते, म्हणून त्यांनी स्वस्त पिशवी घेतली आणि त्या पिशवीत मिथेनॉल होतं. दुकान उघडलं की शुद्ध माल पैसेवाल्याला मिळतो. गरिबाच्या वाट्याला कर चुकवून आलेला, भेसळीचा, स्वस्त मालच येतो. ड्रग्जचं दुकान उघडल्यावर यापेक्षा वेगळं घडेल, असं आम्हाला वाटत नाही.

दुसरी गोष्ट, सरकारची सवय. दारूच्या करातून एकदा तिजोरी भरू लागली की दुकान बंद करणं अवघड होतं. आपल्या बाया-बापड्यांनी "आडवी बाटली"साठी किती पायपीट केली आहे, ते आठवा. सह्या गोळा करा, अर्ज करा, मतदान मागा, मग यादीतल्या निम्म्याहून जास्त मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा. दुकान उघडताना मात्र वस्तीला कुणी विचारत नाही. गांजाची दुकानं आली तर ती कुठे येतील? बंगल्यांच्या सोसायटीत येणार नाहीत. जिथे विरोध करायला लोकांना वेळ नाही, जिथे दिवसाची मजुरी सोडून सुनावणीला जाता येत नाही, तिथेच येतील.

तिसरा अनुभव पोरांचा. सायकलचं पंक्चर काढायचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर या बेकायदा वस्तू नाहीत. त्याच २०१९च्या अहवालात हुंगायच्या नशेचं प्रमाण मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के आणि लहान मुलांमध्ये १.१७ टक्के आढळलं. मोठ्यांपेक्षा मुलंच जास्त अडकलेली आहेत, अशी नशा ही एकच. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या झोपेच्या गोळ्या, खोकल्याचं कोडिनवालं औषध, यांचंही तेच. हाताला सहज लागेल, स्वस्त असेल आणि कुणी विचारणार नसेल, तर लहान मुलं आधी सापडतात.

एमडीची गोष्टही याच वाटेने गेली. मेफेड्रोन २०१५च्या सुरुवातीपर्यंत एनडीपीएसच्या यादीत नव्हतं. ते जवळ बाळगणाऱ्यावर या कायद्याखाली कारवाई होत नव्हती. त्या मोकळ्या काळातच ते मुंबईत कॉलेजांपासून वस्त्यांपर्यंत पसरलं. यादीत आल्यावरही ते गेलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून शेकडो किलो एमडी पकडलं. आता बघा, शेकडो किलो बनवणारा कारखाना एकीकडे आणि खिशात एक ग्रॅम असलेलं पोरगं दुसरीकडे. पोलिसांचं बळ कुठे लागायला हवं, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही.

शील आणि कलम

इथे काही उपासक आम्हाला विचारतात, "पाचवं शील मद्य आणि मादक पदार्थांपासून दूर राहायला सांगतं, बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, मग तुम्ही नशा करणाऱ्याची बाजू कशी घेता?" आम्ही नशेची बाजू घेत नाही. शील हे माणूस स्वतःहून घेतो आणि स्वतः पाळतो. मोडलं तर पुन्हा घेतो. त्यात हातकडी नाही. जो पडला त्याला उठवायचं असतं, विहाराच्या दारातून हाकलायचं नसतं.

आपल्या संविधानाचं कलम ४७ याबाबत फार स्पष्ट आहे. दारू आणि आरोग्याला घातक मादक द्रव्यांच्या सेवनावर औषधी उपयोग सोडून बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं ते सांगतं. पण त्याच कलमात लोकांचं पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य म्हटलं आहे. शासनाने त्यातली बंदी उचलली आणि आरोग्याचं कर्तव्य खाली ठेवलं.

उपचार म्हणजे मारझोड नाही

व्यसन हा मेंदूचा, मनाचा आणि परिस्थितीचा आजार आहे. तो बरा होऊ शकतो, उलटूही शकतो, मधुमेहासारखी त्याची दीर्घकाळ काळजी घ्यावी लागते. २०१९च्या अहवालात दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला काही ना काही उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकीचे ३७ कुठे आहेत? आपल्याच गल्लीत आहेत.

गर्द किंवा इंजेक्शनच्या नशेसाठी सरकारची ओएसटी केंद्रं आहेत. तिथे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी नर्ससमोर जिभेखाली ठेवून घ्यायची असते, काही ठिकाणी मेथाडोन देतात. औषधाचं प्रमाण ठरलेलं, सुई नाही, पैसे नाहीत. घेणारा माणूस कामाला जाऊ शकतो. "शुद्ध आणि ठरलेल्या प्रमाणात" मिळावं, हे कायदेशीर दुकानवाल्यांचं म्हणणं इथे दुकानाशिवाय पुरं होतं. अडचण एवढीच की अशी केंद्रं मोजक्या ठिकाणी आहेत आणि रोज तिथवर जायला गाडीभाडं लागतं.

या रिकाम्या जागेत कुलूप लावून ठेवणारी खासगी "व्यसनमुक्ती केंद्रं" शिरली आहेत. मारतात, उपाशी ठेवतात, साखळीने बांधतात आणि महिन्याला हजारो रुपये घेतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे माणसाला साखळीने बांधायला पूर्ण मनाई आहे आणि अशा केंद्राला नोंदणी लागते. माणूस दाखल करण्याआधी नोंदणीचा कागद मागा, डॉक्टर रोज येतो का विचारा, भेटायला देतात का विचारा. आपल्या राज्यात पुण्याच्या मुक्तांगणसारखी माणुसकीने काम करणारी केंद्रं १९८६ पासून आहेत, तेव्हा मारझोडीशिवाय जमत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

घरात आणि चौकीत हे लक्षात ठेवा

• माणूस उठत नाही, श्वास अगदी मंद आहे, ओठ निळे पडले, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर तो गर्द किंवा तशा गोळ्यांचा अतिडोस असू शकतो. कुशीवर वळवा, १०८ला फोन करा, एकटं सोडू नका. मीठपाणी, दूध, लिंबू काहीही तोंडात घालू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. दवाखान्यात यावर नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं.

• तुरुंगातून किंवा केंद्रातून परत आलेल्याला सर्वांत जास्त धोका पहिल्या काही आठवड्यांत असतो. शरीराची सवय मोडलेली असते, जुना डोस घेतला तर जीव जाऊ शकतो. त्या दिवसांत त्याला टाकून बोलू नका, जवळ ठेवा.

• रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरात कोंडून एकदम बंद करू नका. पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भास होणं सुरू होऊ शकतं. लगेच सरकारी रुग्णालयात न्या.

• जेवणात गुपचूप मिसळायची "दारू सोडवण्याची पावडर" घेऊ नका. अशा औषधावर माणूस प्यायला तर जिवावर बेतू शकतं.

• सोल्युशन हुंगणाऱ्या मुलाच्या अंगावर धावून जाऊ नका. घाबरून पळाला तर हृदय अचानक बंद पडू शकतं. शांतपणे जवळ जा, मोकळ्या हवेत आणा.

• मुलांकडून पुड्या पोचवून घेणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. असं पोर सापडलं तर त्याला चोर म्हणू नका, त्याला पाठवणाऱ्याची तक्रार करा.

• अंगझडतीच्या वेळी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागण्याचा हक्क एनडीपीएसच्या कलम ५० मध्ये आहे. बाईची झडती बाईच घेईल. अटक झाली तर चोवीस तासांत कोर्टापुढे हजर करावं लागतं.

• सेवनाच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर कलम ६४अ खाली खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाऊ शकते. कोर्ट कलम ३९ खाली शिक्षेऐवजी उपचाराला पाठवू शकतं. गुन्हा कबूल करण्याआधी वकिलाला हे विचारा.

• वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. अनुसूचित जातीची व्यक्ती, महिला, मूल आणि कोठडीतला माणूस यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००. व्यसनमुक्तीच्या मदतीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६.

आमच्या मागण्या

कलम ६४अ आणि ३९ कायद्यात आहेत, पण ती कोर्टात सांगणारा वकील आणि पाठवायला दवाखाना नसेल तर त्यांचा उपयोग नाही. म्हणून आम्ही मागतो ते असं. सेवन आणि स्वतःपुरता माल यांना फौजदारी गुन्ह्यातून काढा, आणि पकडलेल्याला चौकीऐवजी समुपदेशकाकडे पाठवा. आधी लागलेल्या अशा शिक्षा नोकरीच्या पडताळणीत आड येऊ देऊ नका. ड्रग्जच्या विक्रीला कोणत्याही नावाने परवाना देऊ नका, आणि दारूच्या दुकानाला परवाना देण्याआधी वस्तीची संमती घ्या. कारखाने, मोठे व्यापारी आणि त्यांना पाठीशी घालणारे यांच्यामागे पोलीस लावा. प्रत्येक वॉर्डातल्या आरोग्य केंद्रात, आपला दवाखान्यात आठवड्यातून ठरलेल्या दिवशी व्यसनमुक्तीची ओपीडी आणि समुपदेशक द्या. ओएसटी केंद्रं चालत जाता येईल इतकी जवळ आणा. यात क्रम महत्त्वाचा आहे. दवाखाना आधी उभा राहिला पाहिजे, नाहीतर आपलंही ओरेगॉन होईल.

मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे विचारा. "नशामुक्त शहर" असा फलक लावणाऱ्याला विचारा की तुमच्या वॉर्डात समुपदेशक किती, ओएसटी केंद्र कुठे, सरकारी व्यसनमुक्तीच्या खाटा किती. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास या विषयाला द्या, आशाताईंना बोलवा आणि वस्तीतल्या किती घरांना मदत हवी आहे याची यादी नावं न फोडता तयार करा. त्या यादीवर अर्ज लिहून घ्यायला आम्ही येऊ.

जय भीम!